नऊ महिन्यांचं लाइटबिल एकाच महिन्यात

प्रश्न : नाशिकच्या सिडकोत राहतो. मीटर जिन्याखाली असूनही नऊ महिने 'घर बंद' असा शेरा मारून दरमहा 60 युनिटचं सरासरी बिल आलं, ते भरलं. आता एकदम 1,080 युनिटचं बिल आलंय. वायरमन म्हणतो, भरा नाहीतर लाइट कापू. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची वीज आमच्या उशाशी तयार होते, तरी हा भाव? – एक वाचक

आधी घाबरणं सोडा. वायरमनच्या तोंडी धमकीने लाइट कापता येत नाही. विद्युत कायदा, 2003 च्या कलम 56(1) प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट आहे : मागितलेली रक्कम किंवा गेल्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी ती 'हरकत राखून' भरली, तर वाद मिटेपर्यंत कनेक्शन तोडता येत नाही. हे दोन शब्द अर्जात लिहायला लोक विसरतात आणि मग माझ्याकडे येतात.

आता आकडे बघू. 1,080 युनिट तुम्ही खरोखर वापरले असतील, तर ती वीज फुकट मिळणार नाही. पण ती नऊ महिन्यांत वापरली, म्हणजे महिन्याला 120. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात. महिनावार विभागलं तर 900 युनिट पहिल्या, सर्वांत स्वस्त टप्प्यात बसतात आणि उरलेले 180 दुसऱ्यात. सगळं एका महिन्यात टाकलं, तर तब्बल 580 युनिट सर्वांत महाग टप्प्यात जातात. रीडिंग न घेण्याची चूक कंपनीची, तिचा भुर्दंड तुम्ही का सोसायचा? स्लॅबचा फायदा महिनावार देऊन आणि सरासरीपोटी भरलेले पैसे वजा करून सुधारित बिल मागा. उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

'मीटरच सदोष होता' असं उत्तर आलं, तर मात्र प्रकरण वेगळं. तिथे वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार बिलाची दुरुस्ती जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच होते. तुमच्या बाबतीत ते तुमच्याच पथ्यावर पडेल!

दाद मिळाली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. वकील लागत नाही, हे मी वकील असून सांगतोय. त्याचा निर्णय पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं.

एकलहऱ्याचं म्हणाल, तर तिथली कोळशावरची वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. विजेचा दर नियामक आयोग ठरवतो आणि एकाच वीज कंपनीच्या घरगुती ग्राहकाला तो नाशकात आणि नांदेडात सारखाच. धूर आपला म्हणून सवलत, अशी तरतूद कायद्यात नाही.

आजच मीटरवरच्या आकड्याचा तारखेसह फोटो काढा. अर्जाला तोच जोडा.