‘जंतूंचं शिकून ती शेतात काय करणार?’

प्रश्न : मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार आहे. राहायला कोपरखैरणे, गाव जुन्नर तालुक्यात. मुलगी ठाण्यात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या हंगामात भावाचा टोमॅटोचा प्लॉट मर रोग लागून उभ्या उभ्या सुकला. तेव्हापासून तिने धरलंय, झाडाच्या आत राहणारे चांगले जिवाणू शोधायचे आणि त्यांच्याकरवी रोग आवरायचा. भाऊ म्हणतो, जंतूंनी रोग होतो की जातो? मला वाटतं, तिने डीएमएलटी, म्हणजे रक्त-लघवी तपासणीचा लॅब डिप्लोमा, करून लॅबमध्ये चिकटावं. तिला कसं समजवावं?

उत्तर : नमस्कार. आधी भावांच्या प्रश्नाचं बघू, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टोमॅटोची मर बुरशीने होते तशी जिवाणूनेही होते. रोगट खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरू लागले, तर तो राल्स्टोनिया नावाचा जिवाणू. आता गंमत अशी, की त्याच टोमॅटोच्या मुळात, पेशींच्या मधल्या जागेत, बॅसिलस आणि स्युडोमोनास जातीचे काही जिवाणू झाडाला काहीही अपाय न करता राहतात. बाजूची मुळं फुटताना ज्या बारीक भेगा पडतात, तिथून ते आत शिरतात. काही जण रोगजंतूला मारक द्रव्यं सोडतात, काही रोगजंतूला लागणारं लोह आधीच पकडून ठेवतात, काही झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. पण माना टाकलेलं झाड ते उभं करत नाहीत. ते द्यायचे असतात बियाण्याला, नाहीतर लावणीआधी रोपांची मुळं बुडवून. भावांना हे आत्ताच सांगा, नाहीतर पुतणीने पुढच्या वर्षी औषध आणून द्यावं अशी वाट बघत बसतील.

मुलीला समजवण्याआधी हे काम रोज कसं चालतं ते बघा. मूळ धुवायचं, सालीवरचे जंतू मारायला ७० टक्के अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायचं, निर्जंतुक पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळायचं. मग ते वाटून पेट्री प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या ताटलीवर, पसरायचं, आणि शेवटच्या धुवणाचं पाणीही वेगळ्या प्लेटवर घालायचं. त्या धुवणाच्या प्लेटवर काही उगवलं, तर सगळं परत पहिल्यापासून. जिवाणू आतला की सालीवरचा, हेच कळत नाही. या कामात महिने जातात. त्यातून निवडलेला जिवाणू प्लेटवर रोगजंतूला रोखतो आणि कुंडीत, शेतात हात टेकतो, असं सर्रास होतं. उलटही होतं : झाडाची प्रतिकारशक्ती जागवणारा जिवाणू प्लेटवर काहीच करून दाखवत नाही. हा कंटाळा तिला सोसतो का, हे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्येच तिने पडताळून बघावं. माझ्या मते मार्कांपेक्षा हे महत्त्वाचं.

आता तुमची खरी काळजी, नोकरी. जिवाणू शोधणाऱ्यांच्या जागा थोड्या. शोधलेला जिवाणू पिशवीतून शेतकऱ्यापर्यंत जिवंत पोचवणाऱ्यांच्या जास्त. बॅसिलस बीजाणू, म्हणजे कडक कवचातली निद्रिस्त पेशी, करतो म्हणून टिकतो, स्युडोमोनास करत नाही आणि गोदामाच्या उन्हाळ्यात मरतो. पाकिटातल्या जिवंत पेशी मोजायला, भेसळ पकडायला सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस लागतोच. शिवाय पाकिटावर रोगनियंत्रणाचा दावा करायचा, तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली फरीदाबादच्या नोंदणी समितीकडे परिणामकारकतेचे आणि सुरक्षिततेचे पुरावे द्यावे लागतात. ते उगाच नाही. बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटातले काही जिवाणू पिकांचे रोग रोखतात, आणि त्याच गटातले सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात घातक संसर्ग करतात. म्हणून जिवाणूची अचूक ओळख पटवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. नोंदणीची ही फाइल नीट तयार करता येणारी माणसं मुलं समजतात त्यापेक्षा जास्त लागतात, पण कॉलेजात कोणी त्याबद्दल बोलत नाही.

सुरुवातीच्या पगाराला आयटीची सर नाही. पण हात निर्जंतुक कामाला बसला की तो फुकट जात नाही. रबाळे-महापेच्या पट्ट्यातल्या औषध किंवा खाद्यपदार्थ कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्येही तेच कौशल्य चालतं. त्यामुळे तुमची मुलगी अडकून पडेल अशी वाट ही नाही.

एम.एस्सी. मात्र करावीच लागेल. इथे एक अडचण. कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्राच्या एम.एस्सी.ला साधारणपणे चार वर्षांची कृषी पदवी मागतात, ती तिच्याकडे नाही. तिने मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करावी, किंवा जीएटी-बी ही प्रवेश परीक्षा देऊन जैवतंत्रज्ञानाला जावं. कृषी जैवतंत्रज्ञानाच्या काही जागाही त्यातूनच भरतात, पात्रता प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघावी. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता, म्हणजे शिक्षणाचा भार तुमच्या हमालीवर येत नाही. भातात रस असेल तर कर्जतचं भात संशोधन केंद्र रेल्वेने गाठता येतं. सुट्टीत तिथल्या शास्त्रज्ञांना भेटून यावं.

डीएमएलटीचा फॉर्म भरून ठेवा, हरकत नाही. फक्त तिला न सांगता भरू नका. आणि आधी मे महिन्यात तिला गावी पाठवा. भावांच्या शिवारात पुन्हा मर दिसली तर ग्लासातली चाचणी तिनेच करून दाखवावी, आणि शेजारच्या निरोगी झाडांची मुळं, माती न झटकता, प्रोजेक्टसाठी थंड डब्यात घालून ठाण्याला आणावीत.