पाकिटात उरलेल्या १७ गोळ्या

बाळा,

महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी १७ उरल्या आहेत, परवा डॉक्टरांकडे जायचंय, म्हणून त्या गुपचूप बेसिनमध्ये टाकाव्यात असं तुझ्या मनात आलंय. टाकू नकोस. पाकिटं आहेत तशी घेऊन जा. गोळ्या सुटल्या याचा मला राग नाही. तुझ्या वयाच्या कितीतरी मुलांच्या सुटतात, आणि त्यांच्याकडे कारणंही असतात. मला काळजी आहे ती लपवण्याची.

तुझ्या चिठ्ठीवर एस्सिटालोप्राम (उदासी आणि चिंतेवरची गोळी) १० मिलिग्रॅम, ०-०-१, म्हणजे रोज रात्री एक. तू आठवड्याला तीनच घेतल्यास. डॉक्टर विचारणार, "बरं वाटतंय का?" तू म्हणणार, "नाही." त्यांना वाटणार १० कमी पडली, मग ते २० लिहिणार. घरी आई ठरवणार, आता मीच समोर बसून गोळी देते. आणि तुझ्या अंगात एकदम रोज २० जायला लागणार. मळमळ, थरथर, जिवाची तगमग. मग "हे औषध मानवत नाही" म्हणून तेही बंद. औषध धड घेतलंच गेलं नाही, पण फाइलमध्ये मात्र ते निकामी ठरलं.

गोळी नकोशी का होते, तेही बघ. पहिला-दुसरा आठवडा ती त्रासच देते: पोट ढवळणं, डोकं जड, झोप विस्कटलेली. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. चिठ्ठीवर क्लोनाझेपामही आहे ना? ती तासाभरात शांत करते. म्हणून मुलं नेमकं उलटं करतात. क्लोनाझेपाम चुकत नाही, एस्सिटालोप्राम सुटते. सवय लागते ती क्लोनाझेपामची, म्हणूनच ती थोड्या दिवसांसाठी लिहितात. आणि बरेच दिवस घेतली असेल तर तीही एकदम थांबवायची नसते. नातेवाईक "सवय लागेल" म्हणतात, ती भीती चुकीच्या गोळीला चिकटली आहे.

मळमळत असेल तर जेवल्यावर घे. झोप उडत असेल तर सकाळी घेऊ का, हे डॉक्टरांना विचार. ना रडू येतं ना हसू, सगळं बधिर वाटतं, असं झालं तर तेही सांग. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

रात्रीची गोळी झोपायच्या आधी आठवली तर घे. दुसऱ्या दिवशी आठवली तर ती सोडून दे, दोन एकदम नको. बरेच दिवस खंड पडला असेल तर मनानेच सुरू करू नकोस, आधी फोन कर.

सात खणांची डबी आण, दर रविवारी भर, ब्रशच्या मगाशेजारी ठेव. आईला सांग, रोज "घेतलीस का?" विचारण्यापेक्षा रविवारी एकदा डबी बघ. निम्मी भांडणं मिटतील. सात गोळ्या उरल्या की पुढच्या आण. गावाकडच्या मेडिकलमध्ये ही औषधं असतीलच असं नाही. वेगळ्या कंपनीची दिली तर पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळव.

बरं वाटायला लागेल तेव्हा सगळ्यात जास्त जप. त्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात, मग हळूहळू उतरवतात. एकदम तोडली की दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड सुरू होऊ शकते. बारावीच्या पेपरांच्या तोंडावर तर हा प्रयोग नकोच.

आणि एक गोष्ट नीट वाच. सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर, पंचविशीच्या आतल्या काहींची अस्वस्थता वाढते, जीव संपवण्याचे विचार येतात. तसं झालं तर त्याच दिवशी आईला आणि डॉक्टरांना सांग. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

परवासाठी एका कागदावर लिही: किती घेतल्या, किती सुटल्या, कुठला त्रास कधी झाला. आईसमोर बोलवत नसेल तर "मला पाच मिनिटं एकटीला बोलायचंय" म्हण. डॉक्टरांना त्यात नवल वाटणार नाही.