सिंगापूरचं परराष्ट्र धोरण एकट्या ली क्वान यू यांच्या डोक्यातून आलं का?

तुम्ही विचारलंय की एवढासा देश शेजाऱ्यांशी आणि महासत्तांशी गोड कसा राहतो, आणि हे सगळं पहिले पंतप्रधान ली यांचंच डोकं होतं का. मला दोन्ही गृहीतकं अर्धवट वाटतात. सिंगापूर सगळ्यांशी गोड कधीच नव्हतं, आणि ली एकटे नव्हते.

९ ऑगस्ट १९६५ ला, म्हणजे सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं त्या दिवशी, टीव्हीवर डोळे पुसणारे ली सगळ्यांना आठवतात, म्हणून ‘मलेशियाने हाकललं’ एवढीच गोष्ट उरते. खरं तर त्याआधी काही आठवडे सिंगापूरचे अर्थमंत्री गोह केंग स्वी मलेशियाचे उपपंतप्रधान तुन अब्दुल रझाक यांच्याशी गुपचूप बोलत होते. कायदामंत्री एडी बार्कर यांनी विभक्त होण्याचे कागद तयार केले आणि ७ ऑगस्टला क्वालालंपूरमध्ये सह्या झाल्या. ली यांचे सहकारी मंत्री टो चिन चाय आणि एस. राजरत्नम सही करायला राजीच नव्हते. दोघेही मलायात वाढलेले, त्यांच्यासाठी हे घर तुटण्यासारखं होतं. मलेशियाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी टो यांना पत्र लिहिलं, तेव्हा कुठे ते नमले. बार्करांच्या त्या कागदात पाण्याचं एक कलम होतं. त्याकडे शेवटी येतो.

सैन्य उभं करायचं काम गोह यांच्याकडे आलं. मदत आधी भारताकडे आणि इजिप्तकडे मागितली होती. शास्त्रीजींनी शुभेच्छा कळवल्या, लष्करी सल्लागारांच्या मागणीवर मात्र काहीच नाही. मग इस्रायली सल्लागार आले. दोन्ही बाजूंना मुस्लिमबहुल देश, त्यामुळे त्यांना ‘मेक्सिकन’ म्हणायचं ठरलं!

राजरत्नम जन्माने जाफन्याचे तमिळ आणि पेशाने पत्रकार. १९६५ ते १९८० परराष्ट्रमंत्री होते. २१ सप्टेंबर १९६५ ला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं आणि ८ ऑगस्ट १९६७ ला बँकॉकमध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या जाहीरनाम्यावर सिंगापूरतर्फे त्यांनीच सही केली. मोठ्याने लहान देशात सैन्य घुसवलं की विरोध करायचा, मग तो कोणी का असेना, ही रीत त्या पिढीची. व्हिएतनाम कंबोडियात शिरला तेव्हा सिंगापूरने आवाज उठवला, आणि १९८० मध्ये भारताने व्हिएतनामने तिथे बसवलेल्या नव्या सरकारला मान्यता दिल्यावर दिल्लीशीही बिनसलं. १९८३ मध्ये अमेरिका ग्रेनाडा या चिमुकल्या कॅरिबियन बेटात घुसली तर महासभेत मत अमेरिकेच्या विरोधात. लोक याला तत्त्वनिष्ठा म्हणतात. मी शुद्ध स्वार्थ म्हणेन, कारण उद्या पाळी आपलीच येऊ शकते.

इंडोनेशियाचं प्रकरण जास्त नाजूक. १० मार्च १९६५ ला सिंगापूरच्या मॅकडॉनल्ड हाउस इमारतीत बॉम्बस्फोट होऊन तीन जण मेले. स्फोट घडवणाऱ्या दोन इंडोनेशियन नौसैनिकांना इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी रदबदली करूनही १९६८ मध्ये फाशी दिली गेली. जकार्तात सिंगापूरच्या वकिलातीची नासधूस झाली. १९७३ मध्ये ली जकार्ताला गेले आणि त्याच दोघांच्या कबरींवर फुलं वाहून आले. फाशीबद्दल माफी नाही, पण मृतांचा मान राखला. त्यानंतर सुहार्तोंशी सूर जुळला. चीनशी राजनैतिक संबंधही इंडोनेशियाने आधी जोडेपर्यंत थांबवून ठेवले. जकार्ता ऑगस्ट १९९०, सिंगापूर ३ ऑक्टोबर १९९०.

आता पाणी. सिंगापूरला लागून असलेल्या मलेशियाच्या जोहोर राज्याशी १९६१ आणि १९६२ मध्ये झालेले पाणीकरार पाळायची हमी मलेशिया सरकारने विभक्तीच्या करारात दिली आणि तो संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवला गेला. १९६२ चा करार २०६१ पर्यंत आहे: जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन, दर हजार गॅलनला ३ सेन. रिंगिट या मलेशियाच्या चलनाचे १०० सेन, आणि गॅलन ब्रिटिश मापाचा, ४.५४६ लिटरचा. म्हणजे रोज सुमारे १,१३६ दशलक्ष लिटर, मुंबईच्या रोजच्या पुरवठ्याच्या पाव हिश्शाहून जास्त. आणि पूर्ण कोटा उचलला तरी कच्च्या पाण्याचं बिल दिवसाला फक्त ७,५०० रिंगिट! क्वालालंपूरला हे बोचणारच. सिंगापूर म्हणतं, आम्ही शुद्ध केलेलं पाणी जोहोरला ५० सेनने परत देतो, ते शुद्ध करायलाच याच्या कितीतरी पट खर्च येतो. शिवाय २५ वर्षांनी, म्हणजे १९८७ मध्ये, दर बदलून घ्यायची मुभा होती, ती तुम्ही वापरली नाही. मलेशियाला हे मान्य नाही आणि भांडण चालूच आहे.

पण नुसत्या कागदावर विसंबून सिंगापूर राहिलं नाही. २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून ‘न्यूवॉटर’, २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करणं. १९६१ चा करार ऑगस्ट २०११ मध्ये संपला, तेव्हा गुनुंग पुलाई आणि स्कुदाई इथली जलशुद्धीकरण केंद्रं सिंगापूरने चालू स्थितीत, एक पैसाही न घेता, जोहोरच्या ताब्यात दिली.