सिराज पाचही खेळला, मग बुमराह तीनच का?

प्रश्न : सर, २०२५ ला इंग्लंडमध्ये सिराज पाचही टेस्ट खेळला आणि बुमराह तीनच, त्यात आपण जिंकलो त्या दोन्ही नेमक्या तो नसलेल्या. आमचे मिस्टर म्हणतात नाटकं आहेत सगळी. माझा मुलगा १५ वर्षांचा, फास्ट टाकतो, हल्ली कंबर दुखते म्हणाला की त्यालाही "तू काय बुमराह आहेस का" ऐकावं लागतं. काही लोक नाजूकच असतात का हो?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, बुमराह तीनच टेस्ट खेळणार हे सिरीजच्या आधीच ठरलं होतं, हे मिस्टरांना सांगा. त्याआधी ऑस्ट्रेलियात त्याने ३२ विकेट काढल्या, दीडशेच्या वर ओव्हर टाकल्या आणि शेवटी सिडनीत पाठ धरली, दुसऱ्या इनिंगला बॉलिंगच करता आली नाही, पुढे चॅम्पियन्स ट्रॉफी पण खेळता आली नाही. २०२२ चा टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपसुद्धा पाठीनेच घालवला, २०२३ मध्ये न्यूझीलंडला ऑपरेशन झालं. एवढं भोगल्यावर कोण हौसेने बाहेर बसेल?

नाजूक वगैरे सोडा. फास्ट बॉलरचा पुढचा पाय आपटतो तेव्हा वजनाच्या कितीतरी पट दणका बसतो आणि त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळतही असते. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा मणका मग बहुतेक वेळा खाली डावीकडे चिरतो, तार परत परत वाकवली की तुटते तसा. त्यात बुमराहचा रनअप एवढासा, म्हणजे सगळा वेग अंगातूनच काढायचा.

आणि कोवळं वय. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर पॅट कमिन्स १८ व्या वर्षी, २०११ ला जोहान्सबर्गमध्ये पहिली टेस्ट खेळला, ७ विकेट घेतल्या, आणि दुसरी टेस्ट थेट २०१७ ला रांचीत! मधली बरीच वर्षं पाठीनेच खाल्ली.

आता मुलाचं. मागे वाकल्यावर कमरेत एकाच बाजूला दुखत असेल तर बॉलिंग आजच बंद आणि ऑर्थोपेडिककडे जा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं समजू नका, सुरुवातीची चीर त्यात बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयचं विचारा. बाम चोळून रविवारी मॅचला पाठवणं तर नकोच. चीर निघालीच तर काही महिने आराम, लवकर सापडली तर बहुतेक भरून येते. शाळा, क्लब, अकॅडमी सगळीकडे टाकतो का तो? एका कोचला दुसऱ्याकडच्या ओव्हर माहीत नसतात, नेटमधले बॉल तर कोणी धरतच नाही, ते तुम्हीच वहीत लिहा. तोवर बॅटिंग चालेल का हे डॉक्टरांना विचारा, मिस्टरांना नको.