म्युनिक डुंकेल आणि पिशवीतील मॅश

पिशवीतील मॅशच्या, म्हणजे भरडलेले धान्य कापडी पिशवीत घालून गरम पाण्यात भिजवत घरी बिअर बनवण्याच्या पहिल्याच प्रयत्नासाठी तुम्ही म्युनिक डुंकेल ही गडद जर्मन बिअर निवडली याचा मला मनापासून आनंद वाटतो, कारण या बिअरची सारी चव माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यावर उभी असते आणि हॉप्स या कडू फुलांच्या कडवटपणाआड काहीही लपवता येत नाही. 20 लिटरसाठी साधारण 5 किलो धान्य घ्यावे. त्यात जवळजवळ सगळे म्युनिक माल्टच असावे आणि रंगासाठी साल काढलेले काळे माल्ट 100 ग्रॅमच्या आसपास पुरे होते.

मॅश 63 अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवावा, म्हणजे माल्टमधले बीटा-अमायलेज हे एन्झाइम यीस्टला पचणारी साखर तयार करते. नंतर 72 अंशांवर अर्धा तास ठेवल्यास अल्फा-अमायलेज या दुसऱ्या एन्झाइममुळे यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिने नावाची कर्बोदकेही उरतात आणि बिअरला भरीवपणा येतो. शेवटी 77 अंशांवर दहा मिनिटे पुरेशी आहेत. जुन्या पद्धतीतील 50 अंशांचा टप्पा मात्र टाळावा, कारण आजच्या माल्टला त्याची गरज नसते आणि त्याने फेस कमी होतो.

खरी काळजी तापमान वाढवताना घ्यावी लागते. पिशवी तळाला टेकलेली असताना आच मोठी केली, तर कापड जळते आणि करपलेला वास शेवटपर्यंत जात नाही. माझा एक पूर्ण घाणा असाच वाया गेला. म्हणून भांड्याच्या तळाशी जाळी ठेवावी, आच मंद ठेवून सतत ढवळावे आणि ठरलेल्या तापमानाच्या एक अंश आधीच ती बंद करावी. पिशवी उचलल्यावर ती टांगून निथळू द्यावी; हलक्या हाताने पिळली तरी चालते.