शालमेनं कॉलेज सोडलं, मग मी का नको?

प्रश्न : सर, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात कसबा बावड्यात राहतो. हॉलिवूडचा हिरो टिमथी शालमेचा लई मोठा फॅन आहे. त्यानं कॉलेज अर्धवट सोडलं आणि २२व्या वर्षी ऑस्करचं नॉमिनेशन घेतलं. मला पण कॉलेज सोडून मुंबईला ऑडिशन द्यायला जायचंय. आई रडती, वडील बोलतच नाहीत. इथं राहून वय निघून जाईल अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझी तळमळ खरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शालमेनं कॉलेज सोडलं हे बरोबर, एक वर्ष कोलंबिया युनिव्हर्सिटीत काढलं, मग न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गेला, तेही पूर्ण केलं नाही. पण गोष्ट तिथनं सुरू होत नाही रे. त्याआधी तो लाग्वार्डिया हायस्कूलमधनं शिकून निघाला होता, ही न्यूयॉर्कची सरकारी शाळा, फी नाही पण ऑडिशनशिवाय अ‍ॅडमिशन पण नाही, आणि २०१२ ला 'होमलँड' सिरीयलमध्ये उपराष्ट्राध्यक्षांच्या मुलाचं काम केलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. आई ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, नाचलेली, घर तिथल्या नाटकांच्या वस्तीतच, शेजारीपाजारी सगळे कलाकार. म्हणजे ऑडिशन देऊन पोरगं घरी जेवायला येत होतं. तू मुंबईत महालक्ष्मी एक्सप्रेसमधनं उतरलास की त्या दिवसापासनं खोलीचं भाडं चालू.

आणि मधली वर्षं कुणी सांगतच नाही. २०१४ ला 'इंटरस्टेलर' आला, एवढा मोठा पिक्चर, त्याला वाटलं आता नशीब उघडलं, आणि बघितला तर आपलं काम एवढंसंच, रडला, हे त्यानंच नंतर मुलाखतीत सांगितलंय. स्पायडरमॅनचा रोल मागितला, तो टॉम हॉलंडला गेला. २०१६ ला तो न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेबाहेरच्या नाटकात काम करत होता. मग २०१७ चा 'कॉल मी बाय युवर नेम', तू म्हणतोस ते नॉमिनेशन याचंच, त्यासाठी शूटिंगच्या आधीच इटलीत जाऊन राहिला, इटालियन शिकला, पियानोवर बसला. त्यातला शेवटचा शॉट परत लाव. शेकोटीसमोर नुसता बसलाय, तीन मिनिटांहून जास्त वेळ, कॅमेरा हलत नाही, डायलॉग नाही, पडद्यावर नावं येतायत आणि चेहऱ्यावर एकामागनं एक सगळं येऊन जातंय. मोबाईल समोर ठेव आणि तसं एक मिनिट बसून बघ.

आपल्याकडं पैलवानाच्या आखाड्याला तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. कुस्तीचं खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकाला एक लागून आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृह जळलं त्या रात्री मी रस्त्यावर उभा होतो, धूर दिसत होता आणि शेजारी मोठमोठी माणसं ढसाढसा रडत होती, त्यात पडदा ओढणारे, लाईट लावणारे पण होते. ज्या गावात असली माणसं आहेत तिथं राहून वय निघून जाईल असं मला नाही वाटत.

तर कॉलेज सोडू नकोस. हे आईवडिलांच्या बाजूनं बोलत नाही, तुझ्याच फायद्याचं आहे, कारण पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमाच्या सरकारी संस्थेत अ‍ॅक्टिंगचा कोर्स करायचा तर पदवी लागते, दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे नाटकाच्या राष्ट्रीय शाळेला, पदवी तर लागतेच, वर आधी नाटकात काम केल्याचा अनुभव पण लागतो. तो अनुभव इथं मिळतो. राज्य नाट्य स्पर्धेला कोल्हापूर केंद्रावर दरवर्षी ग्रुप उतरतात, कुठल्याही ग्रुपच्या तालमीला जा आणि प्रॉम्प्टिंग, म्हणजे नटांना विसरलेली वाक्यं आठवून द्यायचं काम, मागून घे. पहिल्याच दिवशी रोल मागू नकोस. मी दोन सीझन नुसती संहिता धरून बसलो होतो, चहा आणला, खुर्च्या लावल्या, आणि एक दिवस एक जण आजारी पडला तेव्हा आख्खं नाटक तोंडपाठ असलेला मी एकटाच निघालो. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, पदवी झाली की तिथं पण चौकशी कर.

अमेरिकन गायक बॉब डिलनच्या रोलसाठी शालमे जवळपास पाच वर्षं गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवत राहिला, पिक्चर डिसेंबर २०२४ ला आला. तोवर तो 'ड्यून' या पिक्चरमुळं जगभर स्टार झालेला होता, तरी शिकतच होता.

आणि वडिलांना पहिल्या प्रयोगाला घेऊन ये. पुढच्या रांगेत नको, मधे कुठंतरी बसव, तिथनं आवाज नीट ऐकू येतो.