मणक्याच्या वाटेवर निघालेल्या डॉक्टरला

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

एम.एस.चा निकाल कळला, फार आनंद झाला. तू स्पाइन, म्हणजे मणक्याची शस्त्रक्रिया, निवडलंस हे वाचून त्याहून जास्त झाला. पत्रात तू एकच प्रश्न विचारला आहेस: फेलोशिप (एम.एस.नंतरचं खास प्रशिक्षण) कुठे करू, म्हणजे जास्तीत जास्त केसेस हाताखालून जातील? त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी दुसरं काही लिहायचं आहे, कारण उत्तर त्यावरच ठरणार आहे.

हात तयार होतो. मणक्याच्या पेडिकलमध्ये (मागच्या बाजूच्या हाडाच्या दांड्यात) स्क्रू घालणं, नसेला न दुखवता दोन मणक्यांमधल्या गादीचा तुकडा काढणं, ड्युरा (मज्जारज्जूवरचं आवरण) फाटला तर शांतपणे शिवणं, हे चांगल्या सर्जनसमोर उभं राहून मेहनत केली की येतं. उशिरा येतो तो निर्णय. समोरच्या माणसाचं ऑपरेशन करायचं का, आत्ता करायचं का, आणि करून त्याच्या पदरात नेमकं काय पडणार आहे, हे ठरवणं कुठलंही यंत्र तुझ्यासाठी करणार नाही.

ओपीडीत पेशंट खुर्चीवर टेकण्याआधीच फिल्मची पिशवी पुढे करतो. ती घे आणि बाजूला ठेव. आधी त्याला चालायला लाव. टाचांवर चालव, चवड्यांवर चालव. कंबर जास्त दुखते की पाय, ते विचार. किती अंतर गेल्यावर थांबावं लागतं, ते विचार. शंभर पावलांवर बसावं लागणारा म्हातारा सायकलवर मात्र शेजारच्या गावाला जाऊन येत असेल, तर पुढे वाकल्यावर त्याच्या नसांना जागा मिळते आहे. निदान त्यानं स्वतःच तुला सांगितलं. तरीही पायाच्या नाड्या बघ आणि खुब्याचा सांधा फिरवून बघ. कित्येकदा दोष तिथे असतो. शर्टाची बटणं लावता येतात का, चप्पल पायातून निसटली तर कळतं का, हेही प्रत्येकाला विचार. कमरेचा एमआरआय घेऊन आलेल्या माणसाचा खरा दाब मानेत असू शकतो, आणि मधुमेह आहे म्हणून त्याच्या मुंग्यांकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलेलं असू शकतं.

मग फिल्म बघ. बघताना १९९४ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास डोक्यात असू दे. पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचे कमरेचे एमआरआय काढले, तर ५२ टक्के लोकांच्या एका तरी गादीला फुगवटा होता आणि २७ टक्क्यांची गादी पुढे आलेली होती. ही माणसं ठणठणीत होती. म्हणून फिल्ममधला दोष आणि पेशंटचा पाय यांचं जुळत नसेल, तर पायावर विश्वास ठेव. नॉर्वेच्या हेन्रिक वेबरचं १९८३ सालचं कामही वाच. ज्यांचं ऑपरेशन करावं की नाही याबद्दल शंका होती असे १२६ पेशंट त्यानं चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेले स्पष्टपणे बरे होते. चार वर्षांनी मात्र दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता. याचा अर्थ ऑपरेशन फुकट असा घेऊ नकोस. रात्र रात्र न झोपलेल्या रिक्षाचालकाला एका वर्षाचं सुख फार मोठं असतं. पण थांबलं तरी चालेल हे खरं असेल, तर ते त्याला तुझ्या तोंडून कळायला हवं. मग काय निवडायचं ते त्याचं तो ठरवेल.

जिथे थांबून चालत नाही, तिथे मात्र क्षणभरही रेंगाळू नकोस. लघवी आणि संडासच्या नसा दाबल्या गेल्या असतील तर हातात तास असतात, आठवडे नसतात. याच ठिकाणी आपल्याकडे पेशंट हातचे जातात, आणि कारण अगदी साधं असतं: कुणी विचारत नाही आणि पेशंट सांगत नाही. सासरे आणि दीर खोलीत उभे असताना बाई कशी सांगणार? नातेवाइकांना नम्रपणे बाहेर बसव, पडदा ओढ, सिस्टरला जवळ घे आणि सरळ विचार: लघवी सुटल्याचं कळतं का? जोर करावा लागतो का? धुताना हाताचा स्पर्श जाणवतो का? तपासायचं राहू देऊ नकोस, लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते तेही मोजून घे. तू बाई आहेस म्हणून काही पेशंट पहिल्या दिवशी तुलाच सिस्टर म्हणतील, मोठे डॉक्टर कधी येणार असं विचारतील. त्याचं वाईट वाटेल. पण हा प्रश्न तुझ्याइतक्या सहज विचारणारे आपल्या शाखेत थोडे आहेत, आणि त्यानं माणसं वाचतात.

दुसरी तशीच गोष्ट क्षयाची. पर्सिव्हल पॉटनं १७७९ साली वर्णन केलेला मणक्याचा क्षय आपल्या ओपीडीत आजही रोजचा आहे. बाळंतपणानंतर कंबर दुखतेच, असं म्हणत घरच्यांनी सुनेचं दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढायला लावलेलं असतं. रात्री दुखतं का, संध्याकाळी कणकण येते का, वजन उतरलं का, हे विचारल्याशिवाय तिला मलम देऊन पाठवू नकोस. शक्य असेल तर औषधं सुरू करण्याआधी तुकडा काढून तपासायला पाठव, म्हणजे जंतू औषधांना दाद देणारा आहे की नाही ते कळेल. इथेही सुरी आधी येत नाही. वाराणसीच्या डॉ. तुली यांनी १९७५ साली त्यांच्या मध्यममार्गाचे निकाल छापले: औषधं सर्वांना, ऑपरेशन फक्त ज्यांना खरंच लागेल त्यांना. खाटा कमी, पैसा कमी, पेशंट अफाट, या परिस्थितीतून आपल्याच देशात निघालेला तो विचार आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. फक्त औषधं किमान वर्षभर चालतात. तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं की ती सुटतात, म्हणून त्या घरातल्या एकाचा तरी फोन नंबर तुझ्याकडे हवा.

संमतीचा कागद भरून घेणं हे ज्युनिअरचं काम समजू नकोस. त्या माणसाला पुढे काय करायचं आहे ते आधी ऐक. कुणाला पंगतीत मांडी घालून बसायचं असतं, कुणाला भांगलणीला जायचं असतं. पायातली कळ जाण्याची शक्यता चांगली असते, कमरेचं दुखणं तितक्या खात्रीनं जात नाही, बधिरपणा हळूहळू जातो आणि कधी राहतोही. हे मराठीत, त्याच्या मुलासमोर, सावकाश सांग. तंबाखू मळणाऱ्याला सांग की निकोटीनमुळे हाड नीट जुळत नाही. खर्चाचं आधी बोल. महात्मा फुले योजनेत बसतं का ते तू स्वतः बघ. जमीन गहाण टाकून झाल्यावर कळून उपयोग नाही. दुसरं मत घ्यायचं म्हणाला तर आनंदानं घेऊ दे आणि जाताना सगळे कागद नीट लावून दे. पुढे कधी तुला महिन्याला किती केसेस व्हायला हव्यात याचा आकडा सांगणारं कुणी भेटेल. तिथे नोकरी करू नकोस. याबाबतीत माझं मत कधी बदललेलं नाही.

ऑपरेशन थिएटरमधल्या दोन-तीन गोष्टी. कितवा मणका आहे ते तू स्वतः मोज, सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली, कातडीला सुरी लावण्याआधी आणि आत गेल्यावर पुन्हा. काहींचा कमरेचा पाचवा मणका माकडहाडाच्या वरच्या हाडाला चिकटलेला असतो, काहींना सहावा असल्यासारखा दिसतो, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यानं कुठून मोजलं हे तुला माहीत नसतं. सुरक्षेच्या चेकलिस्टला कुणी कंटाळा केला तर २००९ सालचे आकडे सांग: दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. त्या कामाचं नेतृत्व करणाऱ्या अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. वाकडा कणा सरळ करताना नसांचं मॉनिटरिंग हाताशी नसेल, तर १९७३ सालची जुनी पद्धत अजून कामाची आहे: भूल हलकी करून पेशंटला पाय हलवायला सांगायचं. आदल्या संध्याकाळी त्याची तालीम घे, त्याच्याच भाषेत. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराला अर्धवट गुंगीत इंग्रजी हुकूम कळत नाही. आणि एक्स-रेपासून वाचवणाऱ्या शिशाच्या एप्रनसोबत गळ्याचा पट्टाही बांध. घाईत पहिला तोच विसरला जातो.

आता सगळ्यात अवघड. आंब्यावरून पडलेला, विहिरीत कोसळलेला, मोटारसायकलवरून फेकला गेलेला तरुण येईल. तू मणका उत्तम बसवशील, एक्स-रे सुरेख दिसेल, पण पाय परत येणार नाहीत. राउंडला त्या खाटेशी सगळ्यांचा पाय नकळत लवकर उचलतो. तू तिथे स्टूल ओढून बस. मज्जारज्जूची दुखापत पूर्ण असेल आणि आठवडे उलटूनही खाली काही उमटत नसेल, तर ते त्याला तू सांगायचं. वॉर्डबॉयकडून किंवा मोबाइलवरून त्याला कळता कामा नये. एकदा सांगून भागत नाही. तो उद्या पुन्हा तोच प्रश्न विचारेल, आई परवा विचारेल. दर वेळी तितक्याच शांतपणे उत्तर दे, आणि त्याच बैठकीत पुढचं काम सुरू कर: दर दोन तासांनी कूस बदलायची, आईला ते शिकवायचं, स्वच्छ हातांनी नळी घालून लघवी काढायला त्याला स्वतःला शिकवायचं. १९४४ साली लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला हेच सुरू केलं, तोवर असे पेशंट बेडसोअर आणि मूत्रपिंडाच्या संसर्गानं जात. आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. हे पेशंटला पहिल्या आठवड्यात सांगू नकोस, तेव्हा ते ओझं होतं. तुला मात्र ते माहीत असू दे, म्हणजे तू त्याच्याशी बोलताना आशा सोडलेल्या माणसासारखी बोलणार नाहीस.

काही बिघडलं, ड्युरा फाटला, स्क्रू सरकला, तर त्याच दिवशी नातेवाइकांना सांग. लपवलेलं आज ना उद्या बाहेर येतंच, आणि तेव्हा पेशंटला तुझी सर्वांत जास्त गरज असते नि तुझ्यावरचा विश्वास उडालेला असतो.

आता तुझा प्रश्न. केसेसचा आकडा विचारू नकोस. फोन करून एवढंच विचार की फेलोला ओपीडीत सरांच्या शेजारी बसू देतात का, आणि ज्या पेशंटचं बरं झालं नाही त्यांची चर्चा दर आठवड्याला सगळ्यांसमोर होते का. दोन्हींचं उत्तर हो असेल तिथे जा, मग त्या शहराचं नाव लहान असलं तरी चालेल. रुजू होण्याआधी थोडे दिवस हातात असतील तर मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत किंवा पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात परवानगी काढून रोज जाऊन बस; ऑपरेशननंतरची पुढची वर्षं माणसं कशी काढतात ते तिथे दिसेल. शिफारसपत्र लिहून ठेवलं आहे. जागा ठरली की नाव कळव, म्हणजे त्यावर पत्ता घालून पाठवतो. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सर